शब्दावर दिलेली भिंत

नव्या घराची चावी हातात पडली त्या दिवशी बायकोने होयबांकडे एकच गोष्ट मागितली, आणि ती फुकटची होती. संसारी माणसाने खरं तर इथेच कान टवकारायला हवेत. ज्या मागणीला पैसे पडतात ती एकदा पैसे मोजले की संपते. फुकटची मागणी पुरी करताना मात्र तोंडाला फेस येतो. पण होयबा कान टवकारणाऱ्यांतले नव्हते.

होयबा हे काही त्यांचं खरं नाव नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीमागे ते बसत, आणि समोर कितीही तापलेला माणूस आला तरी शांतपणे म्हणत, "आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे." हे वाक्य ते इतकं मनापासून म्हणत की माणूस समाधानाने घरी जाई. पाणी येई किंवा न येई, तो भाग वेगळा. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणालाही तोंडावर नाही म्हटलेलं नव्हतं. म्हणून कचेरीतले लोक पाठीमागे त्यांना होयबा म्हणत. आपणही तेच म्हणू. परवानगी मागायला गेलो तरी ते होच म्हणतील, मग उगाच तो वेळ कशाला घालवा?

तर बायको रिकाम्या हॉलच्या मधोमध उभी राहिली, समोरच्या लांबरुंद भिंतीकडे तिने बोट केलं आणि म्हणाली, "ही भिंत मोकळी ठेवायची."

"म्हणजे?"

"म्हणजे मोकळी. तिच्यावर काही म्हणजे काही लावायचं नाही."

"एखादं कॅलेंडर?"

"खिळासुद्धा नाही."

होयबांना हसू आलं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी ते गिळलं. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. माहेरी दोन खोल्यांत अख्खं खटलं राहायचं. ती झोपायची त्या भिंतीला सगळ्या घराचे कोट, छत्र्या, पिशव्या आणि एका काकांच्या सायकलचं जुनं टायर टांगलेलं असे. लग्नानंतर भाड्याच्या घरात आली, तर तिथे घरमालकाचे पूर्वज आधीच भिंतीवर हजर. फोटो काढायचे नाहीत, असं करारातच होतं. त्यांतले मिशीवाले आजोबा थेट जेवणाच्या ताटाकडे बघत असल्यामुळे तिने त्या घरात कधी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला नाही. आपण घेतला तर त्यांना चालणार नाही, असं तिला वाटे.

"सकाळी चहा पिताना माझ्यासमोर कुणी नको," ती म्हणाली. "कुणाचं काही नको. नुसती भिंत हवी. द्याल?"

"हो," होयबा म्हणाले. त्यांनी हो म्हटलं यात विशेष काही नव्हतं, पण या वेळी ते मनापासून म्हटलं होतं.

बायकोने त्यांच्याकडे जरा रोखून बघितलं. "हे बघा, तुम्ही सगळ्यांनाच हो म्हणता. त्यामुळे तुमचा हो मी कधी धरतच नाही. पण हा एक धरलाय."

घर लावणं हे काम सांगायला सोपं आहे. बाहेरून सामान आणायचं आणि आत ठेवायचं. पण रिकाम्या घरात एक गंमत असते. तिथे जो येतो त्याला स्वतःचं घर दिसायला लागतं. ज्याला आयुष्यात स्वतःच्या घरात मनासारखी खुर्ची ठेवता आली नाही, तो तुमच्या घरात येऊन सोफा कुठे ठेवायचा ते ठामपणे सांगतो. खालच्या मजल्यावरच्या आजी पहिल्याच दिवशी येऊन स्वयंपाकघराचं तोंड चुकलंय म्हणून हळहळून गेल्या. जणू होयबांनी ते रात्रीतून वळवून ठेवलं होतं.

पहिला प्रश्न रजेचा होता. रजा साहेबांच्या हातात होती, आणि साहेबांच्या हातात हल्ली ब्रशही असे. निवृत्ती जवळ आल्यापासून साहेब चित्रं काढू लागले होते. ते फक्त घोडे काढत. त्यांना खूर जमत नसत, म्हणून त्यांचे सगळे घोडे गुडघाभर गवतात उभे असत. कचेरीतल्या सगळ्या भिंती भरल्या होत्या, आणि अलीकडे एक घोडा पिण्याच्या पाण्याच्या टाकीवरही आला होता.

"नवं घर!" साहेब रजेचा अर्ज हातात धरून म्हणाले. "हॉल मोठा असेल?"

"आहे साहेब."

"समोर चांगली भिंत असेल?"

"आहे ना साहेब."

"काही ठरवलंय तिच्यासाठी?"

इथे होयबांना खरं बोलता आलं असतं. बायकोला रिकामी भिंत हवी आहे, या वाक्यात लाजण्यासारखं काय आहे? पण साहेबांचं पेन अर्जावर अर्ध्यात थांबलं होतं, आणि डोळ्यांत मायेचा पूर आला होता. होयबांची जीभ आपसूक वळली. "तुमच्या घोड्यासाठीच ठेवली आहे, साहेब. फक्त आधी सोफा येऊ दे. हॉल लागला की मग."

सही झाली. एवढ्या मोठ्या घोड्याचं गवत रंगवायलाच वर्ष जाईल, असा हिशेब करत होयबा घरी आले. त्यांना जरा हुशार झाल्यासारखं वाटत होतं, आणि हे त्यांच्या बाबतीत नेहमीच वाईट लक्षण असे.

मग सुतार आला. त्याच्याकडे पलंग, दोन कपाटं आणि स्वयंपाकघरातले कप्पे एवढं काम दिलं होतं. तो सकाळी येई, फळ्या भिंतीला टेकवे, टेप काढून काहीतरी मोजे, मान हलवे आणि चहा पिऊन जाई. चार दिवसांनी स्वयंपाकघरातला पहिला कप्पा तयार झाला. तो उघडला की फ्रिज उघडत नसे, आणि फ्रिज उघडला की तो कप्पा बंद करता येत नसे.

"मिस्त्री, हे असं कसं?" होयबांनी शक्य तितक्या कडक आवाजात विचारलं.

"दोन्ही एकदम कशाला उघडायचं?" सुताराने उलट विचारलं. प्रश्न इतका रास्त होता की होयबांनी पुढे काही विचारलं नाही.

पाचव्या दिवशी सुतार हत्यारं पिशवीत भरू लागला. त्याचं म्हणणं असं, की ही सगळी कामं किरकोळ आहेत, त्यात त्याचं मन रमत नाही. पलीकडच्या गल्लीत त्याला एक मोठं काम आलं होतं. इकडे पलंगाला तीनच पाय लागले होते आणि जुन्या घराचा मालक रोज फोन करून खोली कधी सोडता म्हणून विचारत होता.

"ती भिंत देत असाल तर थांबतो," सुतार म्हणाला. "अशी भिंत काय रोज मिळते? जमिनीपासून छतापर्यंत युनिट करतो. काचेचे दरवाजे, आत दिवे. लोक बघत राहतील."

"देऊ की," होयबा म्हणाले. "फक्त आधी पलंगाचा चौथा पाय लावा. आणि सोफा येऊ दे. हॉल लागला की मग."

त्या दिवशी पलंगाला चौथा पाय लागला. तो बाकीच्या तिघांपेक्षा किंचित आखूड होता, पण नवरा-बायकोपैकी जड माणूस त्या बाजूला झोपला की पलंग स्थिर राहतो असं सुताराने दाखवून दिलं. जड माणूस कोण, यावर घरात थोडी चर्चा झाली.

या सगळ्यात बायको काय करत होती? ती रंगाच्या उपड्या डब्यावर बसून सकाळचा चहा पीत होती आणि समोरच्या भिंतीकडे बघत होती. भिंतीला तिने पांढरा रंग निवडला होता. दुकानदाराच्या पत्रकात पांढऱ्याच्याच एवढ्या जाती निघाल्या की होयबांचे डोळे फिरले. तिने मात्र बोट फिरवत एकावर ठेवलं आणि म्हणाली, "हा." रंगारी म्हणाला, "ताई, एवढ्या मोठ्या भिंतीला नुसता पांढरा? आजारी दिसेल." बायको म्हणाली, "माझ्या भिंतीच्या तब्येतीची काळजी तुम्ही करू नका." रंग वाळला आणि सकाळचं ऊन त्यावर पडलं. ती चहाचा कप दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ हसत बसली होती. होयबांनी ते दारातून बघितलं. इतकं खुश त्यांनी तिला लग्नातही बघितलं नव्हतं.

आता कुणालाही भिंत द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं. आणि दुपारीच आत्याचा फोन आला.

आत्याकडे एक कपाट होतं. ते तिच्या सासूबाईंचं. त्याला आरसा होता, सिंहाचे पाय होते, आणि ते हलवायला अर्धी आळी लागे. आत्याच्या सुनेला ते घरातून जायला हवं होतं. "तुझं घर नवं, तिथे शोभेल," आत्या म्हणाली. "उद्याच पाठवते."

"आत्या, कपाट नको गं," होयबा घाबरून म्हणाले. हे जवळजवळ नाही म्हणण्यासारखंच झालं, म्हणून त्यांनी लगेच सावरून घेतलं. "म्हणजे, कपाट काय, कुणीही देईल. तुझ्या हातचं काहीतरी दे. जन्मभर राहील असं."

पलीकडे आत्याने नाक ओढलं. ती रडायला लागली होती. "हंस देते तुला," ती म्हणाली. "मी कापडावर भरलेले. काचेच्या चौकटीत आहेत. दाराएवढी चौकट आहे बघ. मोठी भिंत आहे ना?"

"आहे," होयबा क्षीण आवाजात म्हणाले. "फक्त आधी सोफा येऊ दे."

भीड ही भिकेची बहीण, असं जुनी माणसं म्हणत. होयबांच्या बाबतीत ती सख्खी बहीण निघाली. सोफा आणायला टेम्पो हवा होता, आणि टेम्पो मेहुण्याकडे होता. मेहुणा शोभेच्या मासोळ्यांच्या काचेच्या टाक्या विकत असे. त्याला जग दोन भागांत दिसे: टाकी असलेली घरं आणि टाकी नसलेली दुर्दैवी घरं. "दाजी, टेम्पो तुमचाच समजा," तो म्हणाला. "आणि हॉलच्या त्या भिंतीला आपली सगळ्यात मोठी टाकी. माझ्याकडून भेट. ताईला सांगू नका, आश्चर्याचा धक्का देऊ."

धक्का बसणार होता यात होयबांना शंका नव्हती. तरी ते म्हणाले, "हो हो. सोफा येईल त्या दिवशी बघू."

शेवटी राहिले सेक्रेटरी. ते समोरच्याच दारात राहत आणि त्यांच्या दाराला एक भोक होतं, ज्यातून ते सोसायटीचा कारभार पाहत. लिफ्टमधून मोठं सामान न्यायचं तर लेखी परवानगी लागे. परवानगी समितीच्या सभेत मंजूर होई. सभा खालच्या कार्यालयात होई, आणि कार्यालयात ओल आल्यामुळे सभाच होत नव्हती. म्हणजे सोफा घरात यायला आधी ओल जायला हवी होती. होयबांना या व्यवस्थेचं मनातून कौतुकच वाटलं. त्यांच्या कचेरीतही एवढी पक्की सोय नव्हती.

सेक्रेटरी जागेची पाहणी करायला हॉलमध्ये आले आणि भिंतीसमोर थबकले. "पडदाच की हो हा!" ते म्हणाले. "प्रोजेक्टर लावला की सोसायटीचा सगळा हिशेब इथे मोठ्ठा दिसेल. दर रविवारी सभा तुमच्याकडे घेऊ. माणसं ती किती? चहा दिला की पुरे."

"दर रविवारी?"

"सोफा येईल त्या दिवशी परवानगीचं पत्र मी देतो. माझ्या अधिकारात."

होयबांनी हो म्हटलं. खोटं कशाला सांगा, ते म्हणताना त्यांचा आवाजही कापला नाही. तोपर्यंत सवय झाली होती.

रात्री आडवं झाल्यावर त्यांनी मनाची समजूत घातली. नोंद घेतलेली बहुतेक माणसं परत येत नाहीत, हा त्यांचा नोकरीतला अनुभव होता. पण त्यात एक मेख होती. पाणी नसलं की माणूस शेजारून बादली आणून वेळ भागवतो. भिंत कुणाकडून आणणार? शिवाय खिडकीत ते प्रत्येकाला निराळी तारीख देत. इथे मात्र सगळ्यांना त्यांनी एकच तारीख देऊन ठेवली होती. ज्याला त्याला त्यांनी सांगितलं होतं, आधी सोफा येऊ दे. सोफा कधी, असं विचारणाऱ्याला ते दिवसही सांगून बसले होते.

आणि सोफा रविवारी आला.

मेहुण्याने टेम्पो दारात लावून जोरात हॉर्न दिला. टेम्पोत सोफा होता, सोफ्यावर आत्या बसली होती, आत्याच्या मांडीवर चौकटीतले हंस आडवे होते, आणि मागे गोधड्यांत गुंडाळलेली मोठी टाकी होती. सोफा खालीच उतरवून ठेवला, कारण लिफ्टची चावी सेक्रेटरींकडे होती आणि सेक्रेटरी अंघोळीला गेले होते. बाकी मंडळी जिन्याने वर निघाली. त्याच वेळी रिक्षातून साहेब उतरले. त्यांच्या हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी भलंमोठं होतं.

"गवत लवकर वाळलं," साहेब आनंदाने म्हणाले.

होयबा सगळ्यांच्या पुढे धावत वर गेले, पण उशीर झाला होता. सुतार आधीच आत येऊन भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारत होता आणि बायको स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभी होती.

"मिस्त्री, काय करताय?"

"मापं घेतोय ताई. तुमच्या यजमानांनी भिंत दिलीय ना युनिटला."

बायकोने होयबांकडे बघितलं. ते काही बोलायच्या आत दारातून हंस आले, हंसांमागून टाकी आली आणि टाकीला वळसा घालून साहेब आले.

"सूनबाई, हे इथे," आत्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली.

"आत्या, तिथे टाकी येणारेय," मेहुणा म्हणाला. "दाजींनी शब्द दिलाय."

"तुला? अरे, मला दिलाय!"

"काहीतरी घोटाळा होतोय," साहेब घसा खाकरून म्हणाले आणि त्यांनी चादर काढली. घोडा तपकिरी होता, त्याची मान अभिमानाने ताठ होती, आणि गवत त्याच्या पोटापर्यंत आलं होतं.

आत्या चित्रापाशी वाकली.

"याला पाय कुठेत?" आत्याने विचारलं.

"गवतात आहेत," साहेब ताठरून म्हणाले.

"मला तर नाही दिसत."

"तुमच्या त्या डावीकडच्या बदकाची मान आखूड आहे, ते मात्र मला इथून दिसतंय."

"हंस आहे तो! आणि दोरा संपला होता. आम्ही तुमचं काय घोडं मारलंय हो?"

"भांडू नका," सुतार पेन्सिल कानावर ठेवत म्हणाला. "युनिटमध्ये सगळ्यांची सोय करतो. मासे खाली, घोडा वर, हंसांना दाराच्या आतल्या बाजूला चिकटवू. दार उघडलं की दिसतील."

एवढा वेळ तीन दिशांना तोंड करून उभी असलेली माणसं या सूचनेने क्षणात एक झाली. आत्या म्हणाली, तिचे हंस दाराआड जन्म काढणार नाहीत. साहेब म्हणाले, टाकीच्या दमटपणाने घोड्याला पोपडे येतील. मेहुणा म्हणाला, मासोळ्यांना वर घोडा बघून भीती वाटेल, त्या खाणंपिणं सोडतात. सुतार म्हणाला, युनिट नसेल तर तो स्वतःच्या हाताने इथे कुणाला एक खिळा मारू देणार नाही. होयबा मध्ये उभे राहून सगळ्यांकडे बघत मान हलवत होते. ती मान हो अशी हलत होती, कारण त्यांच्या मानेला दुसरी दिशा ठाऊक नव्हती.

"राहू दे," शेवटी साहेब म्हणाले. "माझा घोडा नाही लागला तरी चालेल. पण मग ते पाणकोंबडेही नकोत."

"माझे नकोत ना? मग ते काचेचं डबकं पण नको!"

"चालेल," मेहुणा म्हणाला. "पण मिस्त्रींचं खोकंही नको."

"मग कुणाचंच नको," सुतार म्हणाला. "भिंत आहे तशी राहू दे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्याला मिळालं नाही याचं दुःख होतंच, पण दुसऱ्याला मिळालं नाही याचं समाधान त्याहून मोठं होतं. होयबांचा जीव भांड्यात पडला. एकालाही न दुखवता, एकदाही नाही न म्हणता भिंत वाचली होती. त्यांनी हसून बायकोकडे बघितलं. ती हसली नाही. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही सगळ्यांनाच दिली होती."

आणि नेमके तेव्हाच सेक्रेटरी दारात आले. अंघोळ करून, भांग पाडून, एका हातात लिफ्टची चावी आणि दुसऱ्या हातात परवानगीचं पत्र घेऊन.

"वा! मोकळी ठेवलीत ते उत्तम केलंत," ते म्हणाले. "म्हणजे पुढच्या रविवारपासून सभा इथेच. हे आपलं ठरलेलं आहेच."

या दाव्याला कुणाची हरकत नव्हती. साहेबांना सोसायटीशी देणंघेणं नव्हतं, आत्याला सभा आवडत, आणि सुताराला खुर्च्यांचं काम दिसू लागलं होतं. बायको चिडली असती, भांडली असती, तर होयबांना ते चाललं असतं. ती नुसती हातातला अर्धा प्यालेला चहा घेऊन स्वयंपाकघराकडे वळली. भाड्याच्या घरात ती त्या मिशीवाल्या आजोबांसमोरून अर्धपोटी उठे, तशीच.

होयबांना ते बघवेना. आयुष्यभर त्यांनी ज्यांना ज्यांना हो म्हटलं त्यांतल्या कुणाचाही चेहरा त्यांना आता आठवत नव्हता. आठवत होतं ते एवढंच, की एका माणसाने त्यांचा हो खरा धरला होता.

"न," ते म्हणाले.

सेक्रेटरींनी पत्रावरून नजर उचलली. "काय?"

"ना." न वापरलेली वस्तू माळ्यावरून काढताना होते तशी त्यांची ओढाताण चालली होती. "नाही."

"नाही म्हणजे?"

नाही म्हटल्यावर पुढे काय म्हणायचं असतं, हे होयबांना माहीत नव्हतं. "नाही म्हणजे नाही," ते म्हणाले. "सभा इथे होणार नाही. एकही नाही. ही भिंत हिची आहे. मी तिला दिली होती. नंतर जी तुम्हा सगळ्यांना देत सुटलो, ती माझी नव्हतीच."

साहेबांच्या हातून चादर पडली. कचेरीत इतकी वर्षं काढून त्यांनी हा शब्द होयबांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला होता.

"ठीक आहे," सेक्रेटरी थंडपणे म्हणाले. "मग लिफ्टची परवानगी रद्द समजा." त्यांनी पत्राच्या दोन चिंध्या केल्या, समोरच्या आपल्या घरात गेले आणि दार लावून घेतलं. दाराच्या भोकात लगेच डोळा दिसला.

होयबांना मात्र आता चव लागली होती. ते वळून म्हणाले, "साहेब, घोडाही नको. पुढेही नको. आत्या, हंस नकोत आणि कपाटही नको." मेहुण्यालाही त्यांनी तसंच सांगितलं. सुताराने दबकत विचारलं, "पंखा लावू का?" तर त्यालाही नाही म्हणाले. मग घामाने निथळत उभे राहिले.

राग सगळ्यांनाच यायला हवा होता, पण कुणालाच आला नाही. प्रत्येकाने दुसऱ्यांना मिळालेला नकार आधी ऐकला होता, आणि त्यापुढे आपला फारसा बोचला नाही. उलट होयबांकडे सगळे जरा आदरानेच बघू लागले. "चला," मेहुणा बाह्या सरसावत म्हणाला, "सोफा काय आपोआप चढणारेय?"

सोफा जिन्याने चढवला. चढवला म्हणजे काय, तो एकेक पायरी भांडून घेतला. साहेब वरच्या बाजूने हुकूम सोडत होते, आत्या गाद्या छातीशी धरून मागून ओरडत होती, आणि सुतार दर वळणावर सोफ्याचा एक पाय कापायची तयारी दाखवत होता. बायको पदर खोचून होयबांच्या शेजारी आली आणि तिने खालून खांदा लावला. ती त्यांच्याशी अजून बोलत नव्हती, पण खांदा लावला होता.

शेवटच्या वळणावर, दोन दारांच्या मधल्या जागेत, सोफा अडकला. तो पुढे जाईना, मागे येईना. त्याची पाठ सेक्रेटरींच्या बाहेर उघडणाऱ्या दाराला घट्ट बसली होती. आतून आवाज आला, "अहो, दार उघडत नाहीये!"

"सोफा आहे," होयबा म्हणाले.

"मला बाहेर पडायचंय! दूध आणायचंय!"

"आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे," होयबा सवयीने म्हणाले, आणि जिन्यावर बायको फिस्सकन हसली. मग ते म्हणाले, "तुम्ही आतून ढकला. आम्ही ओढतो."

दार आतून धाडकन ढकललं गेलं, सोफा सुटला आणि मंडळींसकट थेट होयबांच्या हॉलमध्ये जाऊन थांबला. सोसायटीच्या इतिहासात सेक्रेटरींनी सामान वर चढवायला मदत केल्याची ही पहिलीच वेळ होती, आणि तीही विनापरवानगी.

चहा झाला. सगळे नव्या सोफ्यावर दाटीवाटीने बसले. समोर दुसरं काही नसल्यामुळे सगळे भिंतीकडे बघू लागले. दुपारचं ऊन तिच्यावर सरकत होतं. हळूहळू बोलणं कमी झालं. साहेबांनी पाय लांब केले. आत्याने डोळे मिटले. "बरं वाटतं हो," बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "उगाच काही बघायला नको."

निघताना प्रत्येकाने होयबांना दाराबाहेर एकट्याला गाठलं आणि कानात सांगितलं, "त्यांचं नाही लावलंस ते बरं केलंस." आत्या हंस परत घेऊन गेली. घोडा रिक्षात मावेना, म्हणून टेम्पोतून टाकीशेजारी बसून गेला. मासोळ्यांच्या भीतीचा विषय कुणी काढला नाही.

संध्याकाळी बायकोने खोडरबराने पेन्सिलीच्या रेघा पुसल्या. एक पुसट रेघ राहिली, ती राहू दे म्हणाली. मग दोन कप घेऊन सोफ्यावर आली आणि एक होयबांच्या हातात दिला.

"मी चिडले होते," ती म्हणाली.

"माहितीय."

"पण नंतर तुम्ही जे म्हणालात ना, ते मी धरलंय."

होयबांना भरून आलं. त्यांनी भिंतीकडे बघितलं. खरंच सुंदर होती. मोठी, पांढरी, शांत. नवा सोफा, नवं घर, शेजारी बायको. सगळं कसं जिथल्या तिथे होतं. ते बघता बघता त्यांच्या डोक्यात एक विचार आला, आणि तो इतका साधा, इतका निरुपद्रवी होता की न बोलून राहवेना.

"मी काय म्हणतो," ते म्हणाले, "अगदी त्या कोपऱ्यात, वर, एक छोटंसं घड्याळ..."

बायकोने चहाचा एक घोट घेतला. भिंतीवरची नजर तिने हलवली नाही. मग अतिशय शांतपणे, अतिशय मनापासून ती म्हणाली, "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे."

या वाक्याचा अर्थ होयबांइतका कुणालाच माहीत नव्हता. त्यांनी मुकाट्याने कप तोंडाला लावला आणि तेही भिंतीकडे बघत बसले.